साक्षीदाराविना प्रयोग

मराठी वृत्तपत्रीय लेखनात 'फ्रँकेन्स्टाईन' आणि 'भस्मासुर' ही दोन नावे बहुधा एकमेकांच्या बदली वापरली जातात. विषय अणुबाँबचा असो, जनुकबदल केलेल्या बियाण्याचा असो की संगणकीय बुद्धिमत्तेचा. माणसाने घडविलेली वस्तू त्याच्यावरच उलटते, एवढा आशय सांगावयाचा असला की यांपैकी कोणतेही एक नाव पुरते. या समीकरणातील एक घोटाळा आता सर्वांना ठाऊक आहे. फ्रँकेन्स्टाईन हे निर्मात्याचे नाव. त्याने निर्माण केलेल्या जीवाला मेरी शेलीच्या कादंबरीत नावच नाही. दुसऱ्या घोटाळ्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. भस्मासुराच्या कथेत वर मागणारा, वर देणारा आणि त्या वरापासून सोडविणारा असे सगळे एकमेकांसमोर उभे असतात. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनच्या प्रयोगाच्या वेळी खोलीत दुसरे कोणीही नसते. प्रस्तुत लेखनाचा विषय ही अनुपस्थिती आहे.

आपल्या भाषेने एकांत आणि एकाकीपण यांत भेद केलेला आहे आणि तो त्या शब्दांबरोबर येणाऱ्या क्रियापदांतही दिसतो. एकांत माणूस शोधतो, मागून घेतो. तो मिळाला तर धन्य मानतो. एकाकीपण वाट्याला येते. संतांनी एकांताला जी प्रतिष्ठा दिली ती अभ्यासकांनीही आपल्यापुरती उचलली आहे. वाचनाला एकांत हवा, लेखनाला हवा, चिंतनाला हवा, असे आपण सर्वच म्हणतो, आणि ते खोटे नाही. परंतु अभिजात गॉथिक कादंबरीतील वैज्ञानिकांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून वाचताना मला एक गोष्ट वारंवार जाणवत आली आहे. येथे एकजण एकांत मागून घेतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला त्यातून एकाकीपण येते. या व्यवहारात महत्त्वाकांक्षेचा वाटा किती आणि गुप्ततेचा किती, हा प्रश्न मला विज्ञानाच्या 'उन्मादा'पेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

गॉथिक परंपरेच्या आरंभी एकांतवासाचे रूप निराळे होते. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' १७६४ साली निघाली. तिच्यात आणि तिच्या मागोमाग आलेल्या कादंबऱ्यांत किल्ला असतो, तळघरे असतात, भुयारे असतात, आणि त्यांत नायिकेला कोंडणारा एक सत्ताधारी पुरुष असतो. कोंडणारा आणि कोंडला जाणारा हे दोघे वेगळे असतात. १८१८ च्या 'फ्रँकेन्स्टाईन'मध्ये किल्ल्याची जागा इंगोलश्टाट येथील एका घराच्या माथ्यावरील खोलीने घेतली. ही खोली सज्जा आणि जिना यांनी इतर खोल्यांपासून तोडलेली आहे, हे व्हिक्टर स्वतःच सांगतो. दाराला कडी आहे, पण ती आतून लावलेली आहे. गॉथिक कादंबरीचा हा पालट स्थापत्यापुरता नाही. कोंडून घेणे हा आता गुन्हा राहत नाही. ती कार्यपद्धती होते.

ही पद्धती त्या काळच्या विज्ञानाची होती काय? इतिहास याचे उत्तर बहुतांशी नकारार्थी देतो. लंडनची रॉयल सोसायटी १६६० साली स्थापन झाली आणि तिच्याशी निगडित असलेले 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक १६६५ पासून निघू लागले. रॉबर्ट बॉइलने हवेच्या पंपावर केलेल्या प्रयोगांचा अभ्यास करताना स्टीव्हन शेपिन आणि सायमन शॅफर यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की प्रयोगाला 'तथ्य' ही पदवी मिळण्यासाठी साक्षीदार लागत. जे खोलीत हजर राहू शकत नसत त्यांनाही वर्णनाच्या बारकाव्यातून साक्षीदार करून घेतले जाई. मेरी शेलीच्या बालपणी हम्फ्री डेव्ही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जाहीर व्याख्याने देत होता. जानेवारी १८०३ मध्ये जोव्हानी आल्दिनीने लंडनमध्ये फाशी गेलेल्या एका गुन्हेगाराच्या देहावर विद्युत्‌प्रवाहाचे प्रयोग केले, तेही शल्यवैद्यांच्या उपस्थितीत. जीवनाचे तत्त्व म्हणजे काय, याविषयी जॉन ॲबरनेथी आणि विल्यम लॉरेन्स यांच्यात झालेला वादही व्याख्यानांतून, लोकांसमोर झाला, आणि हा लॉरेन्स पर्सी शेलीचा डॉक्टर होता. म्हणजे मृत देहात चेतना आणण्याची कल्पना व्हिक्टरला त्याच्या काळाने दिली असे म्हणता येईल. आतून लावलेली कडी मात्र त्याची स्वतःची आहे.

या मुद्द्याकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या एका सहकाऱ्याने. तालुक्याच्या ठिकाणच्या ज्या महाविद्यालयात मी अनेक वर्षे साहित्य शिकविले, तेथे ते पदार्थविज्ञान शिकवीत. 'फ्रँकेन्स्टाईन' त्यांनी माझ्याकडून नेऊन वाचली आणि परत करताना ते म्हणाले, "तुम्ही लोक याला विज्ञानाचा अतिरेक म्हणता. यात विज्ञान अपुरे आहे. याच्या जर्नलवर कोणाची सही नाही." महाराष्ट्रातील विज्ञान शाखेचा कोणताही विद्यार्थी हे वाक्य चटकन ओळखील. प्रयोगवहीला आपल्याकडे जर्नल म्हणतात आणि शिक्षकाची सही झाल्याशिवाय तिच्यातील प्रयोग झाला असे धरले जात नाही. मला ही टीका आरंभी विनोद वाटली. पुढे वर्गात तो भाग शिकविताना ती विनोदाच्या पलीकडे जात राहिली.

कारण जर्नल या कादंबरीत खरोखरच आहे, आणि ते कोण वाचतो हे पाहण्यासारखे आहे. निर्मितीच्या आधीच्या चार महिन्यांची नोंद व्हिक्टरने ठेवलेली असते. ती वही तो क्रेंप किंवा वाल्डमन या प्राध्यापकांना दाखवीत नाही. जिवलग मित्र क्लेर्वाल दुसऱ्याच दिवशी दारात येतो, त्यालाही सांगत नाही. पण खोलीतून बाहेर पडताना त्या नवजात जीवाने जो अंगरखा उचललेला असतो त्याच्या खिशात ही वही निघते. दे लासी कुटुंबाच्या घराला टेकून असलेल्या खोपटात, भिंतीच्या फटीतून माणसांची भाषा शिकून झाल्यावर, तो ती वाचतो. आपण कसे, कोणत्या द्रव्यांतून आणि किती किळस सोसून घडविले गेलो, याचा वृत्तांत त्याला मिळतो. एका युगप्रवर्तक संशोधनाचा एकमेव वाचक म्हणजे त्या संशोधनाचा विषय! निर्मात्याचा एकांत आणि निर्मिताचे एकाकीपण यांची गाठ या वहीत पडते. पहिल्याने जे कोणालाही सांगितले नाही, ते दुसऱ्याला असे कळते की ज्याला ते सांगावे असा कोणी त्याच्याजवळ नाही.

मी येथे मुद्दाम 'जीव' हा शब्द वापरीत आहे. 'राक्षस' म्हटले की निवाडा आधीच होऊन जातो. शिवाय या शब्दाने एक सोय होते. मराठीत देहात जीव घालता येतो आणि जीवाला जीवही लावता येतो. व्हिक्टरने पहिले केले. प्रयोग सिद्धीस जाताच तो खोलीबाहेर पळतो, आणि पलंगाचा पडदा सारून तो जीव काही अस्फुट बोलत हात पुढे करतो, तेव्हाही पळतो. मेरी शेलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांनी, सप्टेंबर १७९७ मध्ये, तिची आई मेरी वोल्स्टनक्राफ्ट वारली. १८१५ च्या मार्चमध्ये तिची स्वतःची पहिली मुलगी काही दिवसांची होऊन गेली. या चरित्रतपशिलांतून कादंबरीचा सगळा अर्थ काढणे मला मान्य नाही. तथापि जन्माच्या वेळी कोणीतरी जवळ असावे लागते, ही जाणीव या लेखिकेला ग्रंथांतून मिळविण्याचे कारण नव्हते, एवढे म्हणता येते.

गुप्ततेची किंमत प्रथम कोण देते, हेही कादंबरी स्पष्ट दाखविते. धाकट्या विल्यमच्या खुनाचा आरोप जुस्टीनवर येतो. खुनी कोण असावा हे व्हिक्टरला ठाऊक आहे; पण आपली हकिकत वेडाच्या भरातली ठरेल असे म्हणून तो गप्प राहतो आणि जुस्टीन फाशी जाते. व्हिक्टरच्या युक्तिवादात तथ्य आहे. त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवला नसता. एलिझाबेथच्या मृत्यूनंतर तो जिनिव्हाच्या दंडाधिकाऱ्याला सर्व सांगतो तेव्हा तसेच घडते. परंतु विश्वास बसू नये अशी परिस्थिती निर्माण करणारा तोच आहे. प्रयोगाला साक्षीदार असता तर साक्षीलाही वजन आले असते. एकांतात मिळविलेले ज्ञान पुढे बोलून दाखविण्याची इच्छा झाली तरी बोलता येत नाही, ही या कथेतील खरी शोकात्मता आहे. महत्त्वाकांक्षेला शिक्षा म्हणून एकटेपण आले, असा बोधपर अन्वयार्थ त्यामुळे मला उलटा वाटतो. एकटेपण आधी पत्करले गेले. शिक्षा त्यातून निपजली आणि ती पहिल्यांदा एका मोलकरणीला झाली.

पुढील पाऊणशे वर्षांत हे सूत्र वेगवेगळ्या घरांत शिरते. स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या कादंबरिकेतील डॉ. जेकिल समाजातून उठून गेलेला नाही. त्याच्याकडे मेजवान्या होतात, त्याला मित्र आहेत. मागल्या अंगाला एका जुन्या शल्यवैद्याची विच्छेदनशाळा आहे आणि तिचे दार निराळ्या गल्लीत उघडते, एवढेच. एकेकाळचा सोबती डॉ. लॅन्यन त्याच्या कल्पनांना अशास्त्रीय म्हणून दुरावलेला असतो. जेकिल त्याला वाद घालून पटवीत नाही. प्रयोग दाखवितो तो अखेरीस, नाइलाजाने. त्या एकुलत्या एका साक्षीदाराचा पाहिल्याच्या धक्क्याने काही आठवड्यांत मृत्यू होतो. आणि ज्या क्षारावर सारे अवलंबून, त्याचा नवा साठा लागू पडत नाही. लंडनभरच्या औषधविक्रेत्यांकडे नोकर धाडून झाल्यावर जेकिलला वाटू लागते की पहिल्याच साठ्यात काही अज्ञात भेसळ असावी. प्रयोग पुन्हा करता येत नाही, खुद्द प्रयोगकर्त्यालाही! विज्ञानाच्या कसोटीवर याहून मोठा पराभव नाही, आणि तो नीतीच्या पराभवाबरोबरच, त्याच बंद खोलीत होतो.

एच. जी. वेल्सच्या दोन कादंबऱ्यांत या सूत्राच्या दोन बाजू दिसतात. १८९६ च्या 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो'मधील मोरोने एकांत मागितलेला नाही. प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून शिरलेल्या एका वार्ताहरामुळे त्याची क्रूरता उघडकीस आली आणि लोकक्षोभाने त्याला इंग्लंड सोडावे लागले. जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना परवाना सक्तीचा करणारा कायदा ब्रिटनमध्ये १८७६ साली झाला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. समाज वैज्ञानिकाला हद्दपार करतो, आणि हद्दपारी त्याला प्रश्न विचारणाऱ्यांपासून मोकळे करते. ही गुंतागुंत वेल्स टाळीत नाही. 'द इनव्हिजिबल मॅन'मधील (१८९७) ग्रिफिन दुसऱ्या टोकाचा. आपला प्राध्यापक आपले संशोधन चोरील या भीतीने तो काहीच प्रसिद्ध करीत नाही. पैशासाठी बापाला लुबाडतो, तो पैसा बापाचाही नसतो, आणि बाप स्वतःला गोळी घालून घेतो. अदृश्य होण्याआधीच हा मनुष्य कोणाला दिसेनासा झालेला आहे. त्याच्या तीन वह्यांचे काय होते? त्या मार्व्हल नावाच्या भटक्याच्या हाती पडतात. तो पुढे खानावळवाला होतो आणि रविवारी सकाळी व रात्री दार लावून त्या उलगडण्याचा प्रयत्न करतो. त्याला त्यातले काही कळत नाही आणि ज्याला कळले असते त्या डॉ. केंपला तो वह्यांचा पत्ता लागू देत नाही. गुप्तता आता ज्ञानावाचून, एकटीच उरली आहे.

व्हिक्टरची वही, जेकिलचा लखोटा, ग्रिफिनच्या वह्या: तिन्ही लेखनांना वाचक मिळतो तो उशिरा, किंवा भलताच. गॉथिक कादंबरीत सापडलेल्या हस्तलिखिताची युक्ती पहिल्यापासून रूढ आहे. वॉलपोलनेही आपली कादंबरी जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणूनच प्रथम छापली होती. विज्ञानाच्या संदर्भात मात्र या युक्तीला आरोपाचे स्वरूप येते. जे सर्वांनी तपासावे म्हणून लिहावयाचे, ते येथे सापडावे लागते.

हे सर्व साहित्यविचार म्हणून मांडता येते. परंतु माझ्यापुरते ते तेथे थांबत नाही. वर उल्लेखिलेले सहकारी आता हयात नाहीत. त्यांनी सतरा पावसाळे एक मोजमाप केले. मैद्याचे ताट क्षणभर पावसात धरावयाचे, थेंबांच्या गोळ्या वाळवावयाच्या, चाळून मोजावयाच्या आणि त्यावरून थेंबांचे आकारमान काढावयाचे. पद्धत जुनी, विसाव्या शतकाच्या आरंभीची, खर्च मैद्याचा. त्यांनी दोन ठिकाणी टिपणे पाठविली, उत्तर आले नाही. तालुक्याच्या गावी त्या विषयात बोलावे असे माणूस नव्हते. हा एकांत होता की एकाकीपण, हे मी कधी ठरवू शकलो नाही; बहुधा पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरे असावे. त्यांच्या पश्चात घरच्या मंडळींनी नऊ वह्या माझ्याकडे आणून दिल्या, कारण "तुमचे दोघांचे बोलणे व्हायचे". म्हणजे मी मार्व्हलच्या जागी बसलो. आकड्यांचे रकाने माझ्यासमोर होते आणि मला त्यांतले काही कळत नव्हते.

एक गोष्ट मात्र कळली. प्रत्येक पानाच्या तळाशी सही आहे. कोठे प्रयोगशाळेच्या सेवकाची, कोठे पावसात थांबलेल्या विद्यार्थ्यांची, एकदा दुधाचा रतीब घालणाऱ्याची, आणि बऱ्याच पानांवर माझी. मला त्या वेळी तो त्यांचा छंद वाटे. पाऊस पडू लागला की ते हाताशी असेल त्याला बोलावीत, ताट दाखवीत, सही घेत. ज्याला वाचक मिळाला नाही अशा त्या मनुष्याने साक्षीदार सोडले नाहीत. जवळच्या शहरात हवामानशास्त्राचा अभ्यास करणारा आमचा एक माजी विद्यार्थी आता ते आकडे उतरवून घेत आहे. त्यांतून काही निष्पन्न होईल किंवा होणार नाही. त्या वह्या ग्रिफिनच्या वह्यांसारख्या नाहीत, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगतो, आणि याचा संबंध संशोधनाच्या मोठेपणाशी नाही.

गॉथिक कादंबरीने विज्ञानाला दूषण दिले, असे पाठ्यपुस्तकी विधान मला म्हणूनच अपुरे वाटते. तिने आरोप केला तो साक्ष नाकारणाऱ्या ज्ञानावर. आणि तो आरोप प्रयोगशाळेइतकाच आपल्या अभ्यासिकेलाही लागू आहे. मानव्यविद्यांतही एकांताचे रूपांतर मालकीत होते. विषय आपला, हस्तलिखित आपले, कपाटाची किल्ली आपली. ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्या माणसांना आपले लेखन कसे वाचावे लागेल, हा प्रश्न अंगरख्याच्या खिशातील वहीने दोनशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे.

स्वतः मेरी शेलीचे पुस्तक मात्र बंद खोलीत लिहिले गेले नाही. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी बायरन, पर्सी शेली, पॉलिडोरी यांच्या बैठकीत त्याचा उगम झाला. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हस्तलिखितावर पर्सीच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. एकट्याने केलेल्या निर्मितीची ही कथा निर्मितीच्या वेळी एकटी नव्हती. तिच्या निवेदनचौकटीतही हेच दिसते. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन हा व्हिक्टरइतकाच महत्त्वाकांक्षी आहे. पण तो बहिणीला पत्रे लिहितो आणि मित्र नाही याची खंत त्यांत उघडपणे मांडतो. तो व्हिक्टरची हकिकत टिपून घेतो आणि व्हिक्टर ती टिपणे मागून घेऊन दुरुस्त करतो. आयुष्यात प्रथमच त्याच्या लेखनाला दुसऱ्याचा हात लागलेला आहे. बर्फात अडकलेले खलाशी परत फिरण्याची मागणी करतात. व्हिक्टर त्यांना भित्रे ठरवितो, वॉल्टन नाराजीने का होईना त्यांचे ऐकतो आणि जहाज दक्षिणेकडे वळते. या कादंबरीतील तीन निवेदकांपैकी दुसऱ्यांचे ऐकणारा तो एकटा आहे, आणि घरी परतण्याची वाट त्याच्यापुरतीच मोकळी राहते.

ज्या बहिणीला तो लिहितो ती मार्गारेट सॅव्हिल कादंबरीत एक शब्दही बोलत नाही. तिच्या नावाची आद्याक्षरे माहेरच्या आडनावासह घेतली तर ती मेरी वोल्स्टनक्राफ्ट शेलीच्या आद्याक्षरांशी जुळतात, हे समीक्षकांनी पूर्वीच दाखविले आहे. वॉल्टनची पत्रे तिला मिळाली की नाही, हे संहिता सांगत नाही. पण ती कोणालातरी उद्देशून लिहिलेली होती म्हणूनच व्हिक्टरची आणि त्या निनावी जीवाची हकिकत बर्फात गेली नाही.